‘घाबरू नका’ असं म्हणू नका



बरेच दिवस लिहायचं राहून गेलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं धाकट्याकडे नैरोबीला राहून आलो, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. फोटोही सगळ्यांनी पाहिले. त्यातल्या एका फोटोत मी मसाई माराच्या मातीच्या धावपट्टीवर, लहानशा विमानापुढे, कमरेवर हात ठेवून ऐटीत उभा आहे. पुष्कळांनी ‘वा सर!’ म्हणून कौतुक केलं. खरं सांगायचं तर हात कमरेवर ठेवले होते ते थरथर दिसू नये म्हणून! त्या थरथरीबद्दल आणि त्यातून तयार झालेल्या माझ्या एका मताबद्दल आज लिहितो.

मी मूळचा भित्रा माणूस. पायाखालची जमीन सुटली की माझा जीव जातो. त्याला कारणही आहे. मी नऊ वर्षांचा असताना काकांनी पोहायला शिकवायचं म्हणून मला वावरातल्या विहिरीत ढकललं होतं. कमरेला वाळका भोपळा बांधला होता, वर चार माणसं उभी होती, बुडण्याचा प्रश्नच नव्हता. पण ते मला कोणी आधी सांगितलं नाही. सगळे वरून एकच ओरडत होते, ‘घाबरू नको! घाबरू नको!’ मला आजही पोहता येत नाही.

असा माणूस आयुष्यभर एसटीनं आणि कारंजावरून जाणाऱ्या आपल्या शकुंतला गाडीनं हिंडला. शकुंतलेत भीती कसली? ती इतकी सावकाश चालायची की माणूस उतरून चालू लागला तरी फारसा मागे पडला नसता. त्यामुळे नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून नैरोबी हा मोठ्या विमानाचा प्रवास मी डोळे मिटून, अथर्वशीर्ष म्हणत काढला. तरी मोठं विमान म्हणजे एक दिवाणखानाच. खिडकीकडे पाहिलं नाही की झालं.

पण नैरोबीहून मसाई मारा रस्त्यानं पाच-सहा तास, त्यातही शेवटचा भाग खडबडीत. आमच्या हिला पाठीचं जुनं दुखणं. धाकट्यानं परस्पर लहान विमानाची तिकिटं काढली. ‘बाबा, पाऊण तासात पोहोचतो. घाबरता काय!’ झालं. पुन्हा तेच वाक्य.

त्यात भर म्हणजे आदल्या रात्री झोप येईना म्हणून मी त्याच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं. त्यात बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल यांची हकिकत होती. वडील फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. दोघा बापलेकांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून शेजारच्या सेरेंगेटीतली जनावरं मोजली. कोणते कळप कोणत्या ऋतूत कुठे जातात, हे वरून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. १० जानेवारी १९५९ रोजी त्या विमानाला एक गिधाड धडकलं आणि मायकेल गेला. वय अवघं चोवीस. वडिलांनी काम पुरं केलं. त्यांच्या ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळालं. मी पुस्तक मिटलं आणि पहाटेपर्यंत छताकडे पाहत पडलो. ऑस्करपेक्षा गिधाडच डोळ्यांपुढे येत होतं.

सकाळी विल्सन विमानतळावर गेलो. हा लहान विमानांचा विमानतळ, शहरातच, नैरोबीच्या अभयारण्याला लागून. तिथे सामानाचं वजन झालं. माणशी पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत. कडक सुटकेस चालत नाही, कारण पोटातल्या छोट्या कप्प्यात ती बसत नाही. आमच्या हिनं लोणच्याची बरणी घरी ठेवावी लागली म्हणून तोंड फुगवलं होतं. विमान होतं सेसना कॅरव्हॅन. पंख डोक्यावर, चाकं कायम खाली, माणसं डझनभर आणि इंजिन एक. एक!

पायलट होती तिशीतली एक केनियन मुलगी. तिच्या आणि आमच्या मध्ये दारसुद्धा नव्हतं. ती खुर्चीतच मागे वळून आमच्याशी बोलू लागली. माझ्या इंग्रजीची दौड बीएपुरती. तेही मराठी माध्यमातलं. म्हणून शेजारी बसलेली नात मला हळूहळू सांगत होती. ‘आजोबा, ती म्हणते, आता ढगांतून वर जाताना थोडं हलेल. मग टेकड्या लागतील. त्या ओलांडल्या की जमीन एकदम खोल जाते, तिथे दहा मिनिटं जास्त हलेल. तापलेली हवा खालून वर येते ना, म्हणून. विमानाला काही झालंय असं समजू नका. उतरताना एक चक्कर मारू, कारण धावपट्टीवर जनावरं असतात.’

मी नातीला म्हटलं, ‘विचार तिला, इंजिन बंद पडलं तर? आणि पक्षी आला तर?’ पोरगी लाजली, पण तिनं विचारलं. पायलट हसली नाही. ती म्हणाली, इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं, आणि सपाट जागा शोधून उतरायचा सराव आम्हाला पुन्हा पुन्हा करावा लागतो. पक्ष्यांचा धोका असतो, म्हणून नजर ठेवावी लागते. ‘धोका नाही’ असं ती म्हणाली नाही. आणि ‘घाबरू नका’ असंही म्हणाली नाही.

विमान उडालं. ढगांत हललं. न्गाँगच्या टेकड्या मागे पडल्या आणि खालची जमीन खरोखरच कोणी काढून घेतल्यासारखी खोल गेली. ती रिफ्ट व्हॅली, भूगोलात ‘खचदरी’ म्हणून मी पोरांकडून पाठ करून घेतलेली. विमान वर उचललं गेलं, आदळलं, पुन्हा उचललं गेलं. मी नातीचा हात गच्च धरला. आणि तेव्हाच लक्षात आलं, अरे, हे तर मला माहीत आहे! चैत्र-वैशाखात आपल्या वावरात वावटळ उठते, घार पंख न हलवता त्याच तापल्या हवेवर गोल गोल वर जाते, तेच हे. मी घड्याळ पाहू लागलो. ती दहा मिनिटं म्हणाली होती. मोजून अकरा झाली आणि हवा शांत झाली.

भीती गेली नव्हती. छाती धडधडत होतीच. पण आता तिला सुरुवात होती आणि शेवट होता. डोळे उघडे ठेवून मी खाली पाहू शकत होतो. विमानाची इवलीशी सावली गवतावरून पळत होती. काटेरी कुंपणाच्या गोल आवारातली मसाई लोकांची घरं दिसली. मग माराच्या माळावर विल्डबीस्टच्या रांगा, मुंग्यांच्या रांगांसारख्या, संपता संपेनात. आपल्या कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांचा कळप दिसला तरी आपण गाडी थांबवून तासभर पाहतो. ते अभयारण्य सुमारे अठरा चौरस किलोमीटरचं, आणि मारा दीड हजार. ग्झिमेक बापलेकांना विमान का लागलं, ते तेव्हा समजलं. धावपट्टीवर चार झेब्रे होते. सांगितल्याप्रमाणे एक चक्कर मारली, एका जीपनं त्यांना हाकललं आणि आम्ही उतरलो.

आता मूळ मुद्दा. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. त्या काळात ‘घाबरू नको’ हे वाक्य मी किती हजार वेळा उच्चारलं असेल, याचा हिशेब नाही. एका पंधरा ऑगस्टला सातवीतल्या एका हुशार पण बुजऱ्या पोराला मी भाषणाला उभं केलं. तो ‘सर, नको’ म्हणत होता. ‘घाबरतोस काय!’ म्हणून मी त्याला जवळजवळ ढकललंच. पोरगं गावापुढे उभं राहिलं, तोंडातून शब्द फुटेना. लोक हसले. मीही हसलो. पुढच्या सोमवारपासून तो शाळेत आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला आणि विषय सोडून दिला. घरी मात्र गेलो नाही.

नैरोबीहून परतल्यावर मी त्याच्या गावी गेलो. आता तो पन्नाशीचा आहे, सोयाबीनची शेती करतो. मी म्हटलं, माझं चुकलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, तुमी घाबरू नको म्हनलं, अन् मले तं भेव लागत होतं. मले वाटलं, आपल्यातच खोट हाय.’

मंडळी, माझं मत एवढंच आहे. ‘घाबरू नको’ या वाक्यानं भीती कमी होत नाही. वर लाज मात्र चिकटते. काही जण म्हणतील, सर, आम्ही तर ढकलूनच पोहायला शिकलो! शिकला असाल. पण जे शिकले तेच हे सांगायला पुढे येतात. माझ्यासारखे जे विहिरीच्या काठाकडे पुन्हा फिरकले नाहीत, ते गप्प बसतात. ऑपरेशनला निघालेल्या म्हाताऱ्याला, दहावीच्या पेपराला निघालेल्या मुलीला, पहिल्यांदा सासरी निघालेल्या लेकीला आपण हेच वाक्य देतो, कारण ते फुकट आहे. सांगायचं असेल तर काय होणार आहे ते सांगावं. किती वेळ दुखेल, कधी हलेल, कुठे थांबेल. धोका असेल तर तोही सांगावा. आणि सांगण्यासारखं काहीच नसेल तर नुसता हात धरावा, माझ्या नातीनं धरला तसा.

निघताना त्यानं मला फाटकापर्यंत पोहोचवलं. म्हणाला, ‘सर, इमानात तुमाले भेव लागलं काय?’

‘लागलं ना बाप्पा,’ मी म्हटलं, ‘लय लागलं.’

तो हसला. मग मीही हसलो.