बॅग सोडा म्हणणाऱ्यांनो, बॅगेत काय आहे ते बघा

विमान पेटल्यावर प्रवाशाला एकच आदेश असतो : सामान टाका आणि बाहेर पडा. आदेश योग्यच आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. नवे विमान प्रवासी घेऊन उडण्याआधी ते गच्च भरून, अंधार करून, निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत रिकामे होते हे कंपनीला दाखवावे लागते. त्या हिशेबात कोणी डोक्यावरचा कप्पा उघडून बॅग ओढत बसत नाही. खऱ्या आगीत मात्र माणसे बॅग ओढतात, आणि मग जग त्यांना हसते.

३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर आपटले. आत ३०० माणसे होती, त्यांतले बहुसंख्य प्रवासी भारतीय. केबिनमध्ये धूर भरला, बाहेरच्या वाऱ्याने काही घसरगुंड्या उडाल्या, तरी सारे जिवंत बाहेर पडले. विमान थांबल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला एक जवान प्राणास मुकला. पण आपल्याकडे गाजली ती चित्रफीत. धुरातही बॅगा शोधणारी माणसे तिच्यात दिसली आणि सुखवस्तू मंडळींनी लगेच निकाल दिला : या लोकांना जिवापेक्षा सामान प्यारे!

आम्ही विचारतो, आखातात राबायला जाणाऱ्याच्या त्या बॅगेत काय असते? पासपोर्ट, व्हिसा, कामाचा करार, कर्ज काढून जमवलेले पैसे. जिथे मालकच कामगाराचा पासपोर्ट काढून घेतो अशी तक्रार वर्षानुवर्षे होते, तिथे तो कागद गेला तर आपण कोण, हे त्याने कोणाला सांगायचे? जीव वाचेल, पण त्या जिवाला ओळख कोण देणार? ज्याचे कागद एका फोनवर पुन्हा घरी येतात, त्याला बॅग सोडणे सोपे जाते. उपदेश करणेही.

आमच्या वाचकांना हे समजायला विमानात बसण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईच्या झोपड्यांतून बाहेर पडताना आमच्या माणसांनी काय उचलले ते आठवा. लेकरू कडेवर आणि कागदांची प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर. टीव्ही गेला, धान्य गेले, त्याचे दुःख झाले. पण पिशवी गेली असती तर पोराचे शिक्षण गेले असते. कारण जातीचा दाखला हवा तर अनुसूचित जातींकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, असला एखादा पिवळा पडलेला कागद. ज्या आजोबाला शाळेत बसू दिले नाही त्याचा शाळेचा दाखला आणा म्हणणारे हे सरकार! १९५६ साली धम्म स्वीकारलेल्या आमच्या समाजाला केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. धर्माच्या रकान्यात एक शब्द वेगळा लिहिला म्हणून ३४ वर्षे. कागदाची किंमत आम्हाला कोणी शिकवू नये.

तरीही, बॅग घेऊन उतरणे चूकच आहे. ती घसरगुंडी फाडू शकते, वाट अडवते, मागे धुरात उभ्या असलेल्या बाईचे काही सेकंद खाते. आणि सामान न घेता माणसे बाहेर पडू शकतात हे टोकियोत दिसले. २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. आदल्या दिवशीच्या नोतो भूकंपातील आपत्तीग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या छोट्या विमानातील सहापैकी पाच जण मरण पावले. मोठ्या विमानात ३७९ जण होते. आत धूर, खिडकीबाहेर ज्वाळा, दार उघडा म्हणून ओरडणारी लहान मुले. ध्वनिक्षेपक बंद पडलेले. कर्मचाऱ्यांनी हातातल्या कर्ण्यावरून आणि घशाच्या जोरावर हुकूम दिले. आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते. मागचा डावा दरवाजा तर तिथल्या कर्मचाऱ्याने कॉकपिटशी संपर्क होत नसताना स्वतःच्या निर्णयाने उघडला. ३७९ च्या ३७९ बाहेर आले, बहुतेक रिकाम्या हातांनी. मागे विमानाची राख झाली.

(ज्यांना आपण 'हवाईसुंदरी' म्हणतो त्यांचे खरे काम हे आहे. चहा देणे हे जोडकाम. पण श्रमाला नाव देतानाही आपला समाज रूपच बघतो, आणि गटारात उतरणाऱ्याच्या श्रमाला तर नावही देत नाही.)

जपानी माणूस शिस्तीचा, असे म्हणून आपले पंडित मोकळे झाले. शिस्त होतीच, सरावही होता. पण आम्हाला वाटते, मागे राहिलेला कागद पुन्हा मिळेल, त्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागणार नाही, हा भरवसाही त्या रिकाम्या हातांत होता. तसा भरवसा आमच्या वस्तीत कोणी निर्माण केला?

वस्ती जळते तेव्हा तलाठी पंचनामा करतो. त्यात भांडी, कपडे, पत्रे लिहिले जातात. कागद क्वचितच. मग जळिताचा माणूस महिनोन् महिने तहसील, शाळा, रेशन कार्यालय असे खेटे घालतो आणि प्रत्येक खिडकीवर त्याला दुसऱ्या खिडकीचा कागद मागतात. डिजिलॉकर आहे म्हणतात. पण आजोबांची १९५० पूर्वीची नोंद त्यात कोणी घातली आहे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. आग वा पूर आलेल्या वस्तीत पंचनाम्यातच कुटुंबाचे कोणते कागद गेले ते नोंदवा. आठ दिवसांत तहसीलदाराने वस्तीत टेबल टाकून सरकारी दप्तरातील नोंदींवरून ते विनाशुल्क द्यावेत. एकदा वैध ठरलेल्या जातीचा पुरावा नागरिकाकडे पुन्हा मागू नये, सरकारने आपल्या कपाटात शोधावा. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या तहसीलदाराला हे निवेदन द्यावे, आणि पोच घ्यायला विसरू नये.