ट्रॉम्सोला उतरण्याआधी धक्का विचारा

नॉर्वेच्या क्रूझचं बुकिंग झालं की काही दिवसांत शोअर एक्सकर्शनची, म्हणजे किनाऱ्यावरच्या सहलींची, यादी हातात पडते. ट्रॉम्सोच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘पोलारिया’ किंवा ‘ध्रुवीय संग्रहालय’ असं काहीतरी असतं, आणि आपण माणशी भावाला चाराने गुणून मुकाट्याने पैसे भरून टाकतो. यंदा जाणार असाल तर कृपा करून तेवढं एक तिकीट लगेच काढू नका. आधी जहाज कंपनीला किंवा तुमच्या टूर मॅनेजरला एकच प्रश्न विचारा : जहाज प्रॉस्टनेसेटला लागणार की ब्रेइविकाला?

प्रॉस्टनेसेट म्हणजे शहराच्या मधोमधचा धक्का. तिथे उतरलात की एका बाजूला पोलारिया, दुसऱ्या बाजूला ध्रुवीय संग्रहालय (पोलार म्युझियम), दोन्ही रमतगमत चालत जाण्याच्या अंतरावर. तेवढ्यासाठी बसचे पैसे कशाला द्यायचे? ब्रेइविका मात्र उत्तरेला, चारेक किलोमीटर लांब. तिथे जहाज लागलं तर शहरात नेणारी शटल बस आहे का आणि तिचं भाडं किती, ते विचारून घ्या. गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर जहाजाची सहल खुशाल घ्या, पण बस दारात सोडते की कोपऱ्यावर, हे पैसे भरण्याआधी विचारा.

बर्फाच्या आशेने मात्र जाऊ नका. ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर, जवळजवळ ७० अंश अक्षांशावर आहे हे खरं. पण अटलांटिकचा उबदार प्रवाह त्या किनाऱ्याने वर जातो, त्यामुळे हे बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. जुलैत तिथली हवा साधारण आपल्या महाबळेश्वरच्या थंडीतल्या पहाटेसारखी. पेंग्विन नाहीत, ते दक्षिण गोलार्धातले. पांढरं अस्वलही रस्त्यात भेटणार नाही. त्याचं घर आणखी उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवर. नातवंडांना हे विमानात बसण्याआधीच सांगून ठेवा.

पोलारिया १९९८ साली उघडलं. समुद्राने किनाऱ्यावर ढकललेल्या बर्फाच्या लाद्या एकमेकींवर कलंडाव्यात तशी ती इमारत दिसते, फोटो बाहेरूनच छान येतो. आत आर्क्टिकवरची फिल्म, मत्स्यालय आणि मोठाल्या मिशांचे सील. मुलांना आवडतं. पण सीलना खायला घालण्याची वेळ दारातच विचारून घ्या, कारण ती चुकली तर हौदातलं पाणी बघून परत यावं लागेल. मोठ्या माणसांना तिथे तासभर पुष्कळ झाला.

उरलेला वेळ पोलार म्युझियमला द्या. बंदराच्या काठी १८३०च्या दशकातलं कस्टमचं जुनं लाकडी कोठार आहे, त्यात ते वसलंय. १८ जून १९७८ ला ते उघडलं, आणि ती तारीख मुद्दाम निवडलेली आहे. त्याच्या बरोबर ५० वर्षं आधी, १८ जून १९२८ ला, रोआल्ड आमुंडसन ट्रॉम्सोहूनच लाथाम नावाच्या विमानात बसून निघाला. उंबेर्तो नोबिलेचं ‘इतालिया’ हे हवाई जहाज बर्फात कोसळलं होतं, त्याच्या शोधासाठी. १९११ साली दक्षिण ध्रुवावर सगळ्यात आधी पोचलेला हा माणूस त्या दिवसानंतर कुणाला दिसला नाही. विमानाचे एक-दोन भाग पुढे समुद्रात मिळाले, एवढंच. नोबिले वाचला.

पण त्या कोठारात आमुंडसनपेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते शिकारी. ट्रॉम्सोचा पैसा बराचसा सील, कोल्ह्यांची कातडी आणि अस्वलं यांतूनच आला. अस्वल मारण्याचा सापळा बघा : लाकडी पेटी, आत बंदूक, पेटीच्या तोंडाशी आमिष. अस्वलाने आमिष ओढलं की दोरीने चाप ओढला जाई आणि गोळी थेट डोक्यात. माणसाने तिथे थांबायचीही गरज नाही. स्वालबार्डमध्ये पांढऱ्या अस्वलाला संरक्षण मिळालं ते १९७३ मध्ये. लहान मुलांना हा भाग दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मेलेले प्राणी आहेत, हत्यारंही आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मी तरी दाखवेन. आणि वानी वोल्डस्टाड या बाईची माहिती शोधून वाचा. ट्रॉम्सोत टॅक्सी चालवणारी ही बाई १९३२ साली स्वालबार्डला शिकारीसाठी गेली आणि तिथल्या अंधाऱ्या हिवाळ्यात राहिली.

आपलं आपण फिरण्यात एक धोका आहे, तोही सांगतो. जहाजाने विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुमच्यासाठी थांबत नाही. परतीची वेळ सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते, ती कागदावर लिहून खिशात ठेवा. जहाजावरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ कधीकधी वेगळं असतं, विशेषतः जहाज इंग्लंडहून निघालेलं असेल तर. तेव्हा मोबाईलवर विसंबू नका. साधारण २० मे ते २२ जुलै तिथे सूर्य मावळतच नाही, उजेड बघून वेळेचा अंदाज येणार नाही. आणि आपलं आपण फिरण्याचा हा हिशेब नॉर्थ केपच्या कड्याला लावू नका. होनिंग्सवोग बंदराहून तो कडा तीसेक किलोमीटर लांब आहे, तिथे जहाजाचीच बस बरी.

जहाज पुढे स्वालबार्डला जाणार असेल तर गणित बदलतं. तिथल्या न्यू-ओलेसुंडला भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. तिथे जहाज लागलं तर बाहेरून तरी बघून घ्या. पण स्वालबार्ड शेंगेन व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे, तिथून मुख्य नॉर्वेत परतणं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीला अडाल. अर्ज भरतानाच किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागा, आणि पासपोर्टवर स्टिकर चिकटून आला की प्रवेशांचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचून बघा.