आमच्या रडण्याचं बक्षीस कुणाला?

'घरं गाळात गेली आणि ह्यांना सिनेमा सुचतोय!' हे वाक्य २०२१ च्या पुरानंतर मी इतक्यांदा ऐकलं की आता त्याला जाब देणं भाग आहे. बोलणारे सगळे परके नव्हते. आपलेही होते. म्हणून जरा मोकळंच बोलतो.

ते साल कसं गेलं हे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. करोना होताच. त्यात २२ जुलैला सावित्री महाडच्या बाजारपेठेत शिरली. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी. २००५ साली जुई-दासगावानं जे भोगलं तेच पुन्हा. दरड जात विचारत नाय. पण आमच्या वाडीत पंचनामा आला तो सगळ्यांच्या शेवटी.

कॅमेरेवाले मात्र वेळेवर आले. 'ताई, काय काय गेलं ते जरा पुन्हा सांगा.' बाई रडली की त्यांचं काम झालं. रडणं थांबवून ती भांडी घासायला बसली की कॅमेरा बंद. कारण भांडी घासणारी बाई बातमी नाही.

नोव्हेंबरात 'जय भीम' आला. थेटरं नुकती उघडली होती, पण हा सिनेमा थेटरात नव्हताच. एका मोबाईलवर सहा जणांनी बघितला. भिंतीवर गाळाचा पट्टा तसाच. आणि तिथंच हा टोमणा आला. पोटाला नाही आणि नजर पडद्यावर!

पोटाचं आम्हाला कुणी शिकवू नये. आम्ही त्यातच जन्मलो. पण पूरग्रस्तानं चोवीस तास पूरग्रस्तच राहावं, हसू नये, बघू नये, आवडलं-नावडलं म्हणू नये, हा कुठला कायदा? १९२७ च्या २० मार्चला आपली माणसं चवदार तळ्यावर उतरली ती काय नुसत्या तहानेनं? त्या पाण्यावाचून आपण मेलो नव्हतो, प्रश्न माणूस म्हणून बरोबरीचा आहे, हे बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बजावलं होतं. तळं जसं सार्वजनिक, तसा पडदाही सार्वजनिक. बघणं हा चैनीचा नाही, हक्काचा मामला आहे.

आता बक्षिसांकडे येतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. २०१५ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झाले होते वीरा साथीदार. नागपूरचा आंबेडकरी कार्यकर्ता, 'विद्रोही'चा संपादक. नट म्हणून जन्मलेला माणूस नव्हे, चळवळीतला. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं ते गेले. सुवर्णकमळ आठवणारे पुष्कळ निघतील. 'विद्रोही'चा एखादा अंक किती जणांच्या घरात आहे?

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'ला २०१४ साली पदार्पणाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, जब्याचं काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचं. शेवटी जब्या दगड मारतो तो थेट आपल्या तोंडावर. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी तो दगड किती जणांना लागला?

आता 'जय भीम' बघा. 'कोर्ट'मधला शाहीर कोठडीचे फेरे घेत राहतो, जब्या डुकरामागं धावतो. 'जय भीम'मधली इरुळर बाई सेंगेनी मात्र पोलिसांविरुद्ध कोर्टात जाते आणि जिंकते. १९९३ च्या खऱ्या प्रकरणावरचा सिनेमा. ऑगस्ट २०२३ मध्ये २०२१ सालच्या सिनेमांची राष्ट्रीय पारितोषिकं जाहीर झाली. 'जय भीम'ला एकही नाही. राष्ट्रीय एकात्मतेचं पारितोषिक 'द काश्मीर फाइल्स'ला! परीक्षकांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. मी फक्त निकाल वाचतोय. आम्ही सोसलं की शाबासकी, आम्ही जिंकलो की यादी कोरी.

'जय भीम' सर्वगुणसंपन्न आहे असं माझं म्हणणं नाही. त्यात वकील मोठा होतो आणि सेंगेनी त्याच्या मागं चालते. आमची लढाई दुसऱ्या कुणीतरी जिंकून द्यायची, ही खोड त्यातही आहे. पण ही खोड आपण काढायची. ज्यांना आपलं जिंकणंच दिसत नाही त्यांनी नव्हे.

त्याआधीचं एक साल. २२ जुलै २०२२. त्या दिवशी दिल्लीत पारितोषिकं जाहीर झाली, अजय देवगणला 'तान्हाजी'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं, सूर्याच्या जोडीनं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच पोलादपूर तालुक्यातलं. आणि त्याच तारखेला तळियेचं वर्षश्राद्ध. तालुक्याचा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा वीर पडद्यावर चालतो. तालुक्यातला आजचा माणूस फक्त ढिगाऱ्याखाली चालतो.

मग ऑस्कर. २०२२ च्या मार्चमध्ये 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट अंतिम नामांकनात होता. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' ह्या दलित बायांच्या पत्राची गोष्ट. सगळीकडं कौतुक. आणि समारंभाच्या तोंडावर त्याच बाया म्हणाल्या, हे आमचं पुरतं चित्र नाही. ऑस्कर मिळालं नाही. पण मला विचाराल तर त्या सालचं मोठं काम तेच. जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस दाराशी आलं असताना, आमच्याविषयी शेवटचा शब्द आमचा, असं म्हणायला छाती लागते.

पी. के. रोझीला ते म्हणायलाही मिळालं नाही. मल्याळी सिनेमाची पहिली नायिका, दलित बाई. 'विगतकुमारन'मध्ये ती नायर बाई झाली म्हणून त्रिवेंद्रमच्या सवर्णांनी दगडफेक केली, तिला गाव सोडावं लागलं. त्या सिनेमाचे दिग्दर्शक जे. सी. डॅनियल यांच्या नावानं केरळ सरकार आज मोठा पुरस्कार देतं. तिच्या वाट्याला परागंदा होणं आलं.

तेव्हा मित्रांनो, सिनेमा सोडायचा नाही. दुसऱ्याच्या यादीकडं आ वासून बघणं सोडायचं. महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर! खुलं झालं ते आपण ओंजळ घातली तेव्हा.

१९२७ ला २०२७ साली शंभर वर्षं भरतात. दर २० मार्चला महाडात एवढी माणसं येतात. १९ च्या रात्री तिथं एक पांढरं कापड ताणा. आपल्या पोरापोरींनी मोबाईलवर घेतलेल्या फिल्मा लावा. पुराच्या, पंचनाम्याच्या, भांडी घासून उभ्या राहिलेल्या बायांच्याही. तळ्यावर आलेल्या माणसांनी बघाव्यात आणि कुठली खरी, कुठली खोटी ते त्यांनीच ठरवावं.

परीक्षक मंडळ तेच. ढाल नको, शाल तर नकोच नको.