वाडी आवरताना

या महिन्यात स्क्रीनवरून उठून जरा मातीत जाऊ.

दसऱ्याला आठवडाभर मोहगावला होतो. (आमचा सौंसर तालुका आधी छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ पासून पांढुर्ण्यात आहे. आईच्या तोंडी अजून छिंदवाडाच बसलंय.) दिवाळीनंतर नागपूरला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आणि मग होळीपर्यंत ती आमच्याकडे पुण्याला. म्हणजे घरामागची वाडी पहिल्यांदाच चार महिने माणसाशिवाय राहणार.

एरवी आपल्याकडे या दिवसांत वाडी आवरतात ती मेथी, पालक, मुळा, सांभार यांना जागा करायला. पावसाळी वेल उतरवायचे आणि त्याच वाफ्यात हिवाळी भाजी टाकायची. बहीण अमेरिकेत आहे. तिकडे एका रात्रीच्या हिमकडाक्यात टमाटरं काळी पडतात आणि बागेचा हंगाम आपोआप संपतो. आपल्या ऑक्टोबरला असला धाक नाही. इथे वाडी थांबवायची तर ती आपणच ठरवून थांबवायची.

आईची अट एकच होती, बी जाऊ द्यायचं नाही. तिचा दोडका तिच्या माहेरचा, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आणलेला. तेव्हापासून दरवर्षी पेरायचा, दरवर्षी बी धरायचं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एवढ्या वर्षांच्या डेटाची एकच कॉपी, आणि तीही वेलीवर लटकलेली.

बियाचं फळ आई भाद्रपदातच ठरवते. सगळ्यात निरोगी वेल पाहायचा, त्यावरचं चांगलं फळ निवडायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा दिसला की घरातलं कोणी त्याला हात लावत नाही, पाहुणे आले तरी नाही. चांगलं फळ खायचं नाही, हे मला लहानपणी फार अन्यायाचं वाटायचं. ते फळ तपकिरी, हलकं होऊन हलवल्यावर खुळखुळेपर्यंत वेलीवरच ठेवायचं. शेवटी शेवटी त्या वेलाचं पाणी तोडायचं. आमच्याकडे संत्र्याला अंबिया बहारासाठी थंडीत पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. आई दोडक्यालाही तोच शब्द वापरते.

शेजारच्या कुंपणावर घोसाळ्याचा वेल आहे. दोघं नात्यातलेच, तेव्हा त्यांची मिसळ होण्याची शक्यता असते. पण दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि घोसाळ्याचं पहाटे, म्हणून गाठ कमी पडते. कोहळ्याचं मात्र तसं नाही. मधमाश्या गावभराचे पराग आणून टाकतात, त्यामुळे कोहळ्याच्या बियाची खात्री आई कोणालाच देत नाही. आणि पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ लिहिलेलं असेल, तर त्याचं बी धरण्याची मेहनत घेऊ नका. उगवेल, पण पुढची झाडं एकसारखी निघणार नाहीत.

काकडी आणि टमाटराचं काम ओलं असतं. काकडी पार पिवळी पडू द्यायची, गर बियांसकट भांड्यात दोन दिवस आंबवायचा, वरचा बुळबुळीतपणा सुटला की धुवून सावलीत वाळवायचं. वास येतो. बायकोने भांडं अंगणात काढलं.

बाकीची वाडी दोन दिवसांत आवरली. बरबटी आणि गवार उपटली नाही, बुडाशी कापली, मुळं जमिनीतच ठेवली. त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, बोटाने सहज सुटतात. भेंडीच्या मुळांवरच्या गाठी सुटत नव्हत्या, मूळच फुगलेलं होतं. ही सूत्रकृमीची खूण. ती झाडं मुळासकट काढून जाळली. त्या वाफ्यात दसऱ्याचा झेंडू फुलं तोडल्यावर खणून गाडला. झेंडूची मुळं या कृमींना रोखतात, पण ते काम जिवंत मुळांचं असतं. तेव्हा खरा इलाज पुढच्या पावसाळ्यात, त्या वाफ्यात सलग झेंडू लावून. भुरी आलेला काकडीचा पाला खताच्या खड्ड्यात टाकला नाही. मग मोकळ्या वाफ्यांवर वाळल्या पानांचा जाड थर पसरला, आणि नळाला कुलूप.

साठवणीवरून आमचा वाद झाला. आईचं मत राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून मडकं. माझं मत हवाबंद डबा आणि लॅपटॉपच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम आहे: बियातला ओलावा एक टक्का कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान पाच अंश उतरवलं तरी तसंच. आई म्हणाली, “मग राख काय करते रे बाबू? ओल धरते ना.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बियाचे तीन भाग केले. एक मडक्यात, एक डब्यात पुण्याला आणि एक मावशीकडे. आधी मागच्या वर्षीच्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिल्या होत्या, सात उगवल्या. वाईट नाही. कांद्याचं बी मात्र वर्षभरातच म्हातारं होतं, ते वाटून टाकलं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना याच कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या घरात ते काम कोणीतरी गुडघे दुखत असताना करत असतं, आणि आपण फोनवर फक्त “जेवलीस का” विचारतो. या दिवाळीला घरी जाल तेव्हा एक प्रश्न जास्त विचारा: यातलं घरचं बी कोणतं?

राहिला वाल. त्याला उपटायला गेलो तर आईने हात धरला. जुना गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. सगळी वाडी संपते तेव्हा याचं सुरू होतं. फुलं नुकती कुठे दिसायला लागली होती. शेवटी शेजारच्या काकूंना मांडव सोपवला. बोलणं असं झालं: हिरव्या शेंगा सगळ्या त्यांच्या, पाणी त्यांचं, आणि लाल दोरा बांधलेल्या पाच शेंगा वाळवून आमच्यासाठी ठेवायच्या. काकू म्हणाल्या, “पाच कशाला, दहा ठेवते. तू आईला परत आण.”