निसरड्या रस्त्यावर ईव्ही: ॲक्सिलरेटर सोडणं म्हणजेही ब्रेक लावणंच!

भातलावणी सुरू झाली की कोकणात शेतातला चिखल पॉवर टिलरच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या तेच काम करतात. घाटात झाडांच्या सावलीत रस्त्यावर शेवाळ धरतं. याच रस्त्यांवर आता इलेक्ट्रिक कारही दिसू लागल्या आहेत. एखादी कार घसरली की कुणी ईव्हीच्या ब्रेकला दोष देतं, कुणी चालकाला. नेमकं काय घडतं आणि जबाबदारी कुणाची?

ईव्हीचं ब्रेकिंग वेगळं कसं?

ईव्हीमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटं काम करू लागते. चाकांच्या गतीतून ती वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि गाडीचा वेग कमी होतो. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा थोडक्यात 'रीजन' म्हणतात. पेट्रोल कार खालच्या गिअरमध्ये टाकल्यावर इंजिन जसं गाडीला मागे ओढतं, तसाच हा प्रकार. पण रीजन वरच्या लेव्हलवर असेल तर ही ओढ बरीच जास्त असते.

मग गाडी घसरते का?

रीजनमुळे लागणारा ब्रेक फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर येतो. पुढच्या चाकांवर मोटर असेल आणि वळणावर चिखलात पाय झटकन उचलला, तर ती चाकं पकड सोडू शकतात. मग स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. मोटर मागच्या चाकांवर असेल तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो.

एबीएस आणि ईएससीसारख्या यंत्रणा अशा वेळी मदतीला येतात. अनेक ईव्हींमध्ये चाक घसरतंय असं लक्षात येताच रीजन कमी केलं जातं. तेव्हा गाडी क्षणभर पुढे सुटल्यासारखी वाटते आणि सवय नसलेला चालक घाबरतो. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या कारमध्ये एबीएस बंधनकारक आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, इतकंच. रस्त्यावर नसलेली पकड ते तयार करू शकत नाही.

साधं गणित पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगातली कार ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर साधारण २० मीटरमध्ये थांबते. ओल्या डांबरावर तेच अंतर ३५ मीटरच्या आसपास जातं आणि चिखलाच्या थरावर ७० मीटरच्या. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गेलेला एक सेकंद म्हणजे आणखी १६-१७ मीटर. वेग ४० वर आणला तर चिखलातलं ७० मीटरचं अंतर ३० मीटरच्या जवळ येतं. इंधन कुठलंही असो, हे गणित बदलत नाही.

फुल चार्ज आणि घाटाचा उतार

समजा, रात्री पाचगणीत गाडी १०० टक्के चार्ज केली आणि सकाळी पसरणी घाट उतरायला घेतला. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते, त्यामुळे रीजन खूप कमी मिळतं. रोज पाय उचलला की मंदावणारी गाडी त्या उतारावर तशी मंदावत नाही. फक्त रीजनच्या भरवशावर राहिलेला चालक इथे फसतो.

याच सवयीकडे पाहून चीनने २०२५ मध्ये प्रवासी कारच्या ब्रेकचं राष्ट्रीय मानक बदललं. गाडी सुरू होताना जे सेटिंग असतं, त्यात केवळ ॲक्सिलरेटर सोडून ती पूर्ण थांबू नये, असं त्यात म्हटलं आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्ता निसरडा होता, एवढंच सांगून सहसा सुटका होत नाही. रस्ता दिसत असताना वेग का कमी केला नाही, हा प्रश्न उरतोच.

मागच्या गाड्यांचाही विचार करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कोइमतूरजवळच्या २०१७ च्या अपघातावर निकाल दिला. महामार्गावर कार अचानक थांबली, मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि बस त्याच्या पायावरून गेली. इशारा न देता गाडी थांबवणं हा निष्काळजीपणाच आहे, असं सांगत न्यायालयाने कारचालकाला ५० टक्के जबाबदार धरलं. या खटल्यात ईव्हीचा प्रश्न नव्हता. पण सौम्य रीजनमध्ये अनेक ईव्हींचे ब्रेक लाइट लागत नाहीत, हे लक्षात घेतलं तर हा निकाल ईव्हीचालकांसाठीही महत्त्वाचा आहे.

अर्थात सगळं चालकावर ढकलूनही चालणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जीव गेल्यावरही एवढाच दंड, ही या तरतुदीची मोठी मर्यादा आहे.

चालकाने काय करावं?

• पाऊस किंवा चिखल असेल तर रीजन खालच्या लेव्हलवर ठेवावं.
• वेग वळणाआधीच कमी करावा आणि पाय हळूहळू उचलावा.
• घाट उतरायचा असेल तर बॅटरी ८०-९० टक्क्यांपर्यंतच चार्ज करावी.
• पावसाळ्यात अधूनमधून ब्रेक पेडल वापरावं. रीजनमुळे डिस्क कमी वापरल्या जातात आणि त्यावर गंज चढतो.
• टायरची नक्षी झिजली असेल तर टायर बदलावेत.

रीजन कमी केल्याने रेंज थोडी घटेल. पण समोरून शाळेतली मुलं सायकलवर येत असतील, तर वाचलेल्या दोन-चार किलोमीटरचा हिशोब कुणीच मांडणार नाही.