जिथे विचारणारे कोणी नाही

ऑगस्टचा पहिला आठवडा आपल्या झाडीपट्टीत रोवण्याचा असतो. वैनगंगेच्या दोन्ही काठांना, इकडे आरमोरी-वडसा आणि तिकडे ब्रह्मपुरी, बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या टाकलेल्या, पाठीला प्लास्टिकचा कागद बांधून बायांची ओळ चिखलात वाकलेली, आणि शेतमालकाचा एक डोळा आभाळाकडे, दुसरा मजुरीच्या दराकडे. याच घाईत ६ ऑगस्ट येतो आणि बहुधा तसाच निघूनही जातो. तीन दिवसांनी ९ ऑगस्ट उजाडतो; तो आपल्यासाठी क्रांतिदिन असतो, आदिवासी दिन असतो, गडचिरोलीच्या रस्त्यांवर ढोल वाजत असतात. पुढच्या आठवड्यात १६ तारखेला चिमूरच्या हुतात्म्यांची आठवण काढायची असते. तारखांच्या या दाटीत हिरोशिमा आणि नागासाकी मागे पडतात यात नवल नाही. दिल्लीत मात्र एक जुना प्रघात आहे. अधिवेशन चालू असेल तर ६ ऑगस्टला आपली संसद उभी राहते आणि परक्या देशातल्या त्या मृतांसाठी क्षणभर मौन पाळते. त्या मौनात आपणही मनाने सामील व्हावे, असे यंदा प्रकर्षाने वाटते.

१९४५ साली त्या दिवशी हिरोशिमात सकाळचे सव्वाआठ वाजले होते. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे काढण्याच्या कामावर हजारो शाळकरी मुले आणली होती. बॉम्ब पडला तेव्हा ती मुले उघड्यावरच होती. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत एकट्या हिरोशिमातल्या मृतांचा अंदाज सुमारे १,४०,००० वर गेला. या जमिनीत आता वर्षानुवर्षे काही उगवणार नाही असे तेव्हा बोलले गेले. पण तिथे कण्हेर फुलली. आपल्या अंगणात, शाळेच्या कुंपणाला, देवळाच्या वाटेवर असते तीच कण्हेर. पुढे हिरोशिमाने तिलाच शहराचे फूल केले. कसलेही लाड न मागणारे हे झाड आपल्याला इतके ओळखीचे आहे की त्याच्यामुळे ते दूरचे शहर एकदम हाकेच्या अंतरावर येते.

त्या शहरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आजच्या चिंतेची मुळे तिच्यापर्यंत जातात. मेलेल्यांत हजारो कोरियन होते. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. कोणी पोटासाठी आले होते, कोणाला सक्तीने कामाला जुंपले होते. त्यांच्या स्मृतीसाठी १९७० मध्ये स्मारक उभे राहिले, पण शांती उद्यानाच्या हद्दीबाहेर. ते आत यायला १९९९ उजाडले. मरणानंतरही माणसाला रांगेत उभे राहावे लागते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. अणुबॉम्बची धग ज्यांच्या अंगाने सर्वांत आधी सोसली त्यांत कोरियन होते, आणि त्याच रक्तामांसाच्या लोकांच्या उत्तरेकडच्या अर्ध्या देशात एक घराणे आज तेच अस्त्र उराशी धरून बसले आहे. नियतीवर सगळे ढकलून मोकळे होता येईल. पण नियतीने काही केलेले नाही. जे केले ते माणसांनी, ठरवून केले.

उत्तर कोरिया हाही भाताचाच मुलूख. तिथेही दरवर्षी रोवणी येते, मे-जूनमध्ये, आणि विद्यार्थी, कारकून, सैनिक सगळ्यांना सरकारी हुकुमाने चिखलात उतरवले जाते. ज्याने रोवले त्याच्याच घरी पीक जाईल याची मात्र खात्री नसते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या देशात असा दुष्काळ पडला की लाखो माणसे अन्नावाचून गेली. बाहेरच्या जगाला ते उशिरा कळले, आणि आतल्यांनाही शेजारच्या जिल्ह्यात काय चालले आहे ते धड कळत नव्हते. त्याच काळात योंगब्योनची अणुभट्टी मात्र वाटाघाटींचा विषय होती. १९९४ मध्ये अमेरिकेशी करार झाला, पुढे मोडला. २००३ मध्ये तो देश अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडला. ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिला स्फोट झाला आणि ३ सप्टेंबर २०१७ रोजी सहावा, आधीच्या सगळ्यांहून मोठा. आज त्याच्यापाशी सुमारे ५० अण्वस्त्रे असावीत, असा स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचा अंदाज आहे. आजोबा, वडील आणि आता मुलगा, १९४८ पासून सत्ता एकाच घरात आहे. आपल्याकडेही घराणी आहेत म्हणा. पण इथे पाच वर्षांनी का होईना, त्यांना आपल्या दारात यावे लागते.

पन्नास हा आकडा तसा लहान आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यापाशी हजारो आहेत. मग धास्ती या पन्नासांचीच का? सप्टेंबर २०२२ मध्ये त्या देशाने केलेला कायदा वाचला की उत्तर मिळते. अण्वस्त्रांचा सगळा अधिकार एका माणसाकडे आहे, आणि त्याच्या आज्ञा देण्याच्या व्यवस्थेवर घाला आला तर प्रतिहल्ला आपोआप व लगेच व्हावा, अशी त्यात तरतूद आहे. त्या माणसाला ‘थांबा’ म्हणणारा मंत्री नाही, कारण विचारणारे वर्तमानपत्र नाही, सभागृहात उठून हरकत घेणारा सदस्य नाही. दोन्ही कोरियांना जोडणारी दूरध्वनीची थेट लाइन आहे, दिवसातून ठरल्या वेळी दक्षिणेने फोन लावायचा आणि उत्तरेने घ्यायचा असा शिरस्ता होता. एप्रिल २०२३ पासून पलीकडून फोन उचलणे बंद झाले.

फोन न उचलणे म्हणजे काय, हे वैनगंगाकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे वर भंडारा जिल्ह्यात उघडतात, आणि पाणी चढते ते आपल्या बांध्यांत, आपल्या रस्त्यावर. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर कोणी विसरलेले नाही. तरीही तिथे कुणी अभियंता असतो, विसर्ग किती वाढवला याचा निरोप असतो, तहसीलचा इशारा असतो. निरोप उशिरा आला तर जाब विचारायला मोर्चा नेता येतो. आता असे धरण कल्पनेत आणावे ज्याचे दरवाजे कोण, कधी, कशासाठी उघडील हे कोणालाच ठाऊक नाही आणि विचारायला गेलेला माणूस परत येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये जपानच्या उत्तर टोकाला सकाळी भोंगे वाजले, क्षेपणास्त्र डोक्यावरून चालले आहे, आडोसा धरा. लोकांपाशी काही मिनिटे होती. पुढच्या जानेवारीत हवाईत असाच इशारा चुकून गेला आणि तो चुकीचा होता हे सर्वांना कळवायला ३८ मिनिटे लागली. ही चूक उघड्या समाजात झाली म्हणून निस्तरली गेली, तिची चौकशी झाली. बंद खोलीत झालेल्या चुकीला चूक म्हणणारेच कोणी नसते.

कोणी म्हणेल, कुठे प्योंगयांग आणि कुठे आरमोरी. शंका रास्त आहे. पण अस्त्रांच्या वाटा गुप्तपणे खूप लांब जातात. पाकिस्तानचे घौरी क्षेपणास्त्र, ज्याची चाचणी १९९८ च्या एप्रिलमध्ये झाली, ते उत्तर कोरियाच्या नोडोंगवर बेतलेले होते. आणि अब्दुल कादिर खान यांनी २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर येऊन अण्वस्त्र तंत्राच्या चोरट्या व्यापाराची कबुली दिली, त्या व्यापाराच्या गिऱ्हाइकांत उत्तर कोरियाही होता. आपण देशाच्या मध्यावर, जंगलाच्या कुशीत आहोत, आपल्यापर्यंत काय येणार, हा दिलासा जुन्या काळच्या लढायांपुरता ठीक होता. आपल्याच शेजारी, भद्रावतीला, दारूगोळ्याचा कारखाना आहे. युद्ध नकाशावर शोधायला आपल्याला फार लांब बोट न्यावे लागत नाही.

आणि इथे आपण आपल्याकडेही पाहायला हवे. भारतापाशी सुमारे १८० अण्वस्त्रे असल्याचा सिप्रीचाच अंदाज आहे. आपण ती प्रथम वापरणार नाही, असे धोरण आपल्या सरकारने जानेवारी २००३ मध्ये जाहीर केले आणि निर्णयाचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेकडे ठेवला. हा फरक मोठा आहे आणि तो मान वर करून सांगण्यासारखा आहे. मात्र तो कागदावर टिकतो म्हणून आपोआप व्यवहारातही टिकेल असे नाही. ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण सोडून द्यावे, अशी भाषा आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते आणि तिला टाळ्याही मिळतात. अमेरिकेतही शेवटचा हुकूम एकट्या अध्यक्षाचाच असतो. म्हणजे एका बोटाची भीती हुकूमशाहीपुरती नाही. हुकूमशाहीत ते बोट धरायला कोणीच नसते, लोकशाहीत असते. धरील की नाही, हे त्या त्या वेळच्या लोकांवर राहते.

कोरियाशी आपला संबंध केवळ धास्तीचा नाही. त्यात एका मराठी माणसाचे नाव आहे आणि आपल्या शाळांतल्या मुलांना ते सहसा सांगितले जात नाही. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात तोफा थांबल्या. तह झाला नाही, आजतागायत झालेला नाही. थांबली ती फक्त लढाई. मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचे काय करायचे, यावर तो विराम अडला होता. दोन्ही बाजूंना चालेल असा पहारेकरी म्हणून भारताचे नाव निघाले. या कैद्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले आणि प्रत्यक्ष कैद्यांची जबाबदारी घेतलेल्या भारतीय फौजेचे नेतृत्व कोल्हापूरकडच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांकडे आले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीयांवर इतके चिडलेले की आपल्या भूमीवर त्यांचे पाऊलही पडू देणार नाही म्हणाले. तेव्हा ही सारी फौज अमेरिकी हेलिकॉप्टरांतून, बंदरावरून थेट दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवावी लागली. तिथे तंबू पडले, त्या वस्तीला ‘हिंद नगर’ नाव मिळाले. २२,००० हून अधिक कैदी, बहुतेक चिनी आणि उत्तर कोरियन, आणि ते आपल्या रखवालदारांवरही संतापलेले. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून नेले. कुंपणाबाहेर बंदुका सज्ज होत्या. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, त्या हजारोंच्या गराड्यात उभे राहिले, बोलले, आणि त्या अधिकाऱ्याला सोडवून आणले.

त्या पट्ट्यात भारताला जागा मिळाली ती त्याच्या बळामुळे नव्हे. दोघांशीही बोलू शकणारा देश म्हणून मिळाली. ती पत आपल्यापाशी अजून थोडी शिल्लक आहे. दोन्ही कोरियांशी आपले राजनैतिक संबंध १९७३ पासून आहेत, प्योंगयांगमध्ये आपला दूतावास आहे. साथीच्या काळात तो बंद पडला, पुन्हा उघडला. २००६ पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध एकावर एक चढत गेले आणि अण्वस्त्रेही वाढत गेली. २०१८ मध्ये सिंगापूरला हस्तांदोलनाचे भव्य छायाचित्र निघाले, पुढच्या वर्षी हनोईत बोलणी फिसकटली. कोंडून काही झाले नाही आणि मिरवूनही काही झाले नाही. उरतो तो थोरातांचा कंटाळवाणा, धोक्याचा, प्रसिद्धी न मिळणारा मार्ग, आत जाऊन बोलण्याचा. दिल्लीने तो पुन्हा चोखाळावा असे आपण म्हणायला हरकत नाही. आजच्या दिल्लीला त्याची निकड वाटते असे काही दिसत नाही.

विदर्भाला बोलण्याच्या या मार्गाचे वावडे नाही. १९३३ मध्ये फुजी गुरुजी नावाचा जपानी भिक्खू वर्ध्याला गांधीजींना भेटला. हिरोशिमानंतर त्याने जगभर शांतिस्तूप उभारण्याचे व्रत घेतले आणि त्यांतला एक वर्ध्यात आहे. आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर निर्णय घेण्याची रीतच बदलून दाखवली. तिथे बहुमताने ठरत नाही. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो, पुन्हा चर्चा होते, अभ्यास होतो, सगळ्यांचे मन वळेपर्यंत थांबायची तयारी असते. अशा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वेळखाऊ म्हणून या रीतीची थट्टा करणारे आपल्यातच आहेत. अण्वस्त्राचा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो, तिथे मेंढ्याची सभा कशी भरवणार, हेही खरे. पण ती अस्त्रे बनवावीत का, किती बनवावीत, कोणाच्या हाती द्यावीत, हे ठरायला मिनिटे नव्हे, वर्षे लागतात. सभेला तेवढा वेळ नक्कीच असतो.

येत्या १५ ऑगस्टला आपण झेंडा लावू. दोन्ही कोरियांतही तो मुक्तीचा दिवस असतो. १९४५ च्या त्याच तारखेला जपानचा अंमल संपला, आणि फाळणी होण्याआधीची ती बहुधा त्यांची शेवटची सामाईक आनंदाची तारीख. त्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या गावोगाव ग्रामसभा भरायच्या आहेत. आरमोरी आता नगर परिषद झाली, त्यामुळे शहरवाल्यांना ती सोय राहिली नाही. गावांत मात्र नोटीस लागेल, विषय वाचले जातील आणि बऱ्याच ठिकाणी, रोवणे बाकी आहे म्हणून, गणपूर्ती होणार नाही. कायद्याला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसे, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी पुरते. एवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट लागत नाही. मग चार जण बसून सही करतात. त्या चौघांना विचारायला यंदा पाचवा जाऊन बसला, तर रोवण्याचा एक दिवस मोडेल. धान तेवढा खोळंबा सोसते.