जुन्या इंजिनाचे मोल वजनकाट्यावर ठरवू नका

आमच्या मालगुंडच्या परिसरात, किंबहुना साऱ्या कोकण किनाऱ्यावर, माडाच्या सावलीत किंवा पडवीच्या कडेला एखादी जुनी जीप नाहीतर फियाट गंजत पडलेली दिसते. घरचा कर्ता पुरुष आखातात गेला किंवा अल्लाहला प्यारा झाला, आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. मग एके दिवशी भंगारवाला दारात येतो, किलोचा भाव सांगतो, आणि घरातील बायामाणसे ‘जागा तरी मोकळी होईल’ म्हणून होकार देतात. सौदा दहा मिनिटांत संपतो. नुकसान किती झाले याचा हिशेब कोणी करीत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्या वस्तूची ओळख पटवता येते ती किलोवर विकणे हा विकणाऱ्याचा तोटा आहे, आणि ओळख पटलेली असूनही ती किलोवर उचलणे हा घेणाऱ्याचा दोष आहे. कापडाच्या धंद्यात आम्ही थान हाती आले की किनार पाहतो, गिरणीचा छाप वाचतो, सूत पारखतो. कापड तोलून कोणी भाव करीत नाही. मग इंजिनानेच काय गुन्हा केला?

इंजिनालाही छाप असतो, आणि तो दोन प्रकारचा असतो. ओतकामात उमटलेला, उठावाचा नंबर हा साच्याचा. त्यावरून भागाची जात कळते. नंतर ठोकलेला, खोल गेलेला नंबर त्या एकाच इंजिनाचा असतो. उदाहरण जीपचे घ्या. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. त्या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूस, पाण्याच्या पंपाजवळच्या उंचवट्यावर असतो. सुरुवातीला ‘एम.बी.’ अक्षरे असतील तर इंजिन विलीजचे, ‘जी.पी.डब्ल्यू.’ असतील तर फोर्डचे. पुढे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीने मुंबईत जीप जोडण्यास सुरुवात केली. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

नंबर गंजून गेला असेल तरी हरकत नाही, डोळ्यांनीही फरक कळतो. युद्धकाळातील इंजिनाचे सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. म्हणून हेड सपाट आणि प्लग वरून सरळ बसविलेले दिसतात. नंतरच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आले, त्यामुळे वर झाकण आले आणि कार्ब्युरेटरही हेडवर चढला. दोन्हींचा बोअर सव्वातीन इंचांहून थोडा कमी, म्हणजे ७.९४ सेंटिमीटर, आणि स्ट्रोक ११.११ सेंटिमीटर, चार सिलिंडरांचे मिळून सुमारे २२०० सी.सी. होतात. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनीचे १०८९ आणि पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सी.सी. हेड उघडलेले असेल तर साधी मोजपट्टीही खरे-खोटे सांगते.

गिअरबॉक्सचेही तसेच आहे. युद्धातील जीपला ‘टी-८४’ आणि नंतरच्या नागरी जीपला अधिक दणकट ‘टी-९०’ गिअरबॉक्स होता. दोन्ही तीन गिअरचे. त्यामुळे जुन्या इंजिनाला कोणता गिअरबॉक्स जोडला आहे हे पाहिल्याशिवाय ‘जोडी अस्सल’ असे म्हणू नये. तेल काढून पाहावे. त्यात चकाकणारा चुरा असेल तर दात झिजले आहेत. इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल तर पाणी आत शिरले आहे. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे पडलेले इंजिन जाम झालेले असते. जोर लावून फिरविण्याऐवजी प्लगच्या भोकातून तेल सोडून काही दिवस थांबावे.

आता किंमत. आमच्या मते हिशेब सोपा आहे. तसेच चालू स्थितीतले इंजिन बाजारात काय भावाने जाते ते विचारा. त्यातून बोअर करणे, पिस्टन, बेअरिंग, मजुरी आणि वाहतूक वजा करा. घेणाऱ्याचा वाजवी नफा वजा करा. उरेल ती किंमत. भंगाराचा भाव हा तळ आहे, त्याखाली जाता येत नाही. पण तळालाच छप्पर समजू नये. प्रत्येक जुने इंजिन सोन्याचे असते असेही नाही. पद्मिनी गाड्या भरपूर बनल्या. मुंबईत त्यांची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. तिचे फुटके इंजिन भंगारातच जाईल, आणि तसे स्पष्ट सांगणे हीही ईमानदारीच.

कागदपत्रांचे मोल मात्र वाढले आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी या वर्गात नोंदविता येते. नव्या नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क ठेवले आहे. म्हणजे मूळ इंजिन मूळ गाडीत असणे यालाच किंमत आली. अशा गाडीचे इंजिन एकाला आणि सांगाडा दुसऱ्याला विकला तर दोन्हींचे मोल उतरते. म्हणून आर.सी. बुकातील नंबर आधी ताडून पाहावा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा किंवा वाकडीतिकडी अक्षरे दिसली तर त्या मालाला हात लावू नये.

भंगाराच्या धंद्यातील आमचे बांधव म्हणतील, ‘आम्ही जोखीम घेतो, उचलून नेतो, हुनर आमचा, मग नफा का घेऊ नये?’ जरूर घ्या. नफा हलाल आहे. पण माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजारभाव कळण्याआधीच गावाबाहेर गाठून सौदा करण्यास हुजूर (सल्ल.) यांनी मनाई केली, आणि बाजारात पोहोचल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार विकणाऱ्याला दिला. खेड्यातील विधवेच्या अंगणात तिच्या अज्ञानावर केलेला सौदा याहून वेगळा कसा?

यावर उपाय आमच्या मिस्त्रींच्या हाती आहे. पारख करण्याचा हुनर त्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण त्याची मजुरी ते मागत नाहीत. त्यांनी ठराविक फी घेऊन लेखी चिठ्ठी द्यावी: नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने उतरविलेला ठसा, बोअरचे माप, काय चालते, काय नाही, आणि अंदाजे किंमत. अट एकच, जो किंमत सांगेल त्याने तो माल घेऊ नये. तालुक्यातील व्यापारी मंडळांनी आणि मस्जिद कमिट्यांनी अशा मिस्त्रींची यादी ठेवली तर मिस्त्रीला इज्जतीची कमाई होईल, गरजूला त्याचा हक्क मिळेल आणि भंगारवाल्यावरचा संशयही जाईल.

दारात वजनकाटा आला की, व्यापारी बांधवांनो, शेजारच्या घराला एवढे जरूर सांगा: आधी नंबर वाचा, मग भाव बोला. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.